‘श्रावण पाळतात, मग व्यसनी कसे?’

आरोग्य-संवाद : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे मद्यपानाविषयी आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील वगळून ती येथे संक्षेपाने दिली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्या पत्रात जे घडले ते अनेक घरांत घडते आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ चुकीचा लावला जातो.

प्रश्न : माझे यजमान ४६ वर्षांचे आहेत. गेली बारा-तेरा वर्षे ते रोज संध्याकाळी घेतात. पूर्वी एक क्वार्टर पुरत असे, आता त्यावर एक नाइन्टी लागते. नोकरीला दांडी नाही, घरात मारझोड नाही, आणि श्रावणात ते थेंबालाही शिवत नाहीत, त्यामुळे ‘मी व्यसनी असतो तर महिनाभर राहिलो असतो का?’ असे ते म्हणतात आणि सासूबाईंनाही ते पटते. मात्र गेल्या वर्षी गटारीनंतर, श्रावणाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, त्यांना फिट आली. शेजाऱ्यांनी कांदा हुंगवला, आम्ही दवाखान्यात नेले, मेंदूचा स्कॅन केला, तो चांगला आला. दारूचा विषय आम्ही डॉक्टरांपुढे काढला नाही, कारण सासूबाई सोबत होत्या. आता सकाळी चहाचा कप धरताना त्यांचे हात थरथरतात, म्हणून ते कप बशीत ठेवूनच पितात. नुकत्याच केलेल्या रक्ततपासणीत एसजीओटी १४८, एसजीपीटी ७१ आणि प्लेटलेट १ लाख १० हजार आले. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आहे. ‘ते तर सगळ्यांनाच असते,’ असे ते म्हणतात. माझ्या नणंदेने एक पावडर आणून दिली आहे, जी भाजीत मिसळून नकळत द्यायची असते. ती द्यावी का? की या श्रावणातच त्यांना कायमची बंद करायला लावावी? (सांगली जिल्ह्यातील एक भगिनी)

उत्तर : ताई, दोन गोष्टी आधी सांगतो, कारण त्यांना वेळेचे बंधन आहे. ती पावडर देऊ नका. आणि डॉक्टरांना न विचारता, घरच्या घरी, एका दिवसात दारू बंद करायला लावू नका. तुमच्या पत्रातील फिट, सकाळची थरथर आणि रोजचे प्रमाण एकत्र वाचले की त्यांच्या शरीराला दारूची सवय किती खोलवर लागली आहे ते दिसते, आणि अशा शरीराची दारू अचानक तोडणे हे दारू पिण्याइतकेच, काही वेळा त्याहून अधिक, धोक्याचे ठरू शकते.

हे कसे घडते ते समजून घ्या. दारू मेंदूचे काम मंदावते. वर्षानुवर्षे रोज तो मंदावा मिळत राहिला की मेंदू त्याविरुद्ध जोर लावायला शिकतो, म्हणजे स्वतःला सतत चेतवलेला ठेवतो. एके दिवशी दारू थांबली की तो जोर तसाच राहतो आणि त्याला अडवणारे काही उरत नाही. शेवटच्या पेयानंतर साधारण सहा तासांपासून हात थरथरू लागतात, घाम येतो, छाती धडधडते, झोप उडते. सहा ते अठ्ठेचाळीस तासांच्या दरम्यान फिट येऊ शकते. गटारीच्या रात्री शेवटचा पेला आणि श्रावणाच्या दुसऱ्या पहाटे फिट, हे अंतर या वेळापत्रकात जसेच्या तसे बसते. स्कॅन चांगला आला याचे कारणही त्यातच आहे. तुमच्या यजमानांना फेफरे असण्यापेक्षा ती दारू तुटल्याची, म्हणजे विथड्रॉवलची, फिट असण्याची शक्यता मला फार मोठी वाटते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही रुग्णांना याहून गंभीर अवस्था येते. ताप, प्रचंड घाम, वेळ-स्थळाचे भान जाणे, भिंतीवर किडे किंवा खोलीत माणसे दिसणे अशी तिची लक्षणे असतात आणि उपचार न मिळाल्यास ती जिवावर बेतते. आपल्याकडे अशा माणसाला ‘बाहेरचे लागले’ म्हणून देवऋषाकडे नेण्यात एक-दोन दिवस जातात, आणि तेच दिवस सर्वांत मोलाचे असतात.

म्हणजे ज्या श्रावणाला तुम्ही सारे ते व्यसनी नसल्याचा पुरावा समजत होतात, त्याच श्रावणाने त्यांचे अवलंबित्व दाखवून दिले. महिनाभर दूर राहता येणे आणि अवलंबित्व नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नेमाच्या, शब्दाच्या किंवा देवाच्या धाकाच्या बळावर कित्येक माणसे महिना काढतात. त्या महिन्यात दिवस मोजले जातात का, श्रावण संपताच पहिला पेला कोणत्या दिवशी भरला जातो आणि आठवड्याभरात प्रमाण पूर्वीच्या ठिकाणी येते का, यांवरून खरी स्थिती कळते. तुमच्या यजमानांना मी कमी लेखत नाही. जो माणूस एवढ्या त्रासातून महिना काढतो, त्याच्याजवळ निर्धार आहे. त्या निर्धाराला वैद्यकीय आधार मिळालेला नाही, एवढीच उणीव आहे.

आता अहवालाकडे वळतो. ‘फॅटी लिव्हर सगळ्यांनाच असते’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याची मला भीती वाटते. साधारण बेचाळीस-त्रेचाळीस टक्क्यांच्या व्हिस्की किंवा रमच्या ३० मिलिलिटरमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. क्वार्टर आणि नाइन्टी मिळून २७० मिलिलिटर होतात, म्हणजे तुमचे यजमान रोज सुमारे ९० ग्रॅम अल्कोहोल यकृताकडे पाठवत आहेत. एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी द्रव्ये आहेत. साध्या चरबीच्या आजारात बहुधा एसजीपीटी वरचढ असते. येथे एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीहून अधिक आहे आणि हा कल दारूमुळे होणाऱ्या इजेकडे बोट दाखवतो. मला त्याहून अधिक काळजी वाटते ती प्लेटलेटची. यकृत आतून कडक होऊ लागले की त्यातून रक्त सहज वाहत नाही, मागे दाब वाढतो, प्लीहा सुजते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून रक्तात कमी दिसू लागतात. दारूमुळे अस्थिमज्जेवर थेट परिणाम होऊनही त्या कमी होतात, त्यामुळे एका आकड्यावरून यकृत कडक झाले आहे असा निष्कर्ष मी काढणार नाही, परंतु फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी), अल्ब्युमिन (यकृतात तयार होणारे प्रथिन) आणि आयएनआर (रक्त गोठण्याचा वेग) या तपासण्या आता पुढे ढकलू नयेत, असे निश्चित सांगेन.

यकृताचा एक स्वभाव असा की ते दुखत नाही. चरबी साचण्याच्या टप्प्यावर दारू पूर्ण थांबली, तर काही आठवड्यांत ते बऱ्याच अंशी पूर्ववत होते, आणि औषधाने असा बदल घडवता येत नाही. पिणे चालू राहिले तर काहींना यकृताचा तीव्र दाह होतो, कावीळ होते, आणि काहींच्या यकृतात व्रणांचे जाळे पसरून सिरॉसिस होतो. सर्व जड मद्यपींना सिरॉसिस होत नाही, हे खरे आहे. म्हणूनच प्रत्येक गावात ‘ऐंशीव्या वर्षापर्यंत पिऊन ठणठणीत राहिलेले’ एक आजोबा असतात आणि त्यांचे नाव घेऊन तरुण माणसे स्वतःची समजूत काढतात. कोणाला होईल आणि कोणाला होणार नाही हे आधी ओळखण्याची खात्रीची चाचणी आमच्याजवळ नाही.

दारू केवळ यकृताला धरते असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारक ठरवले आहे. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तन, या ठिकाणच्या कर्करोगांशी त्याचा संबंध सिद्ध आहे. दारूच्या जोडीला तंबाखू किंवा गुटखा असेल, तर तोंड व घशाच्या बाबतीत धोका बेरजेने न वाढता त्याहून कितीतरी अधिक वाढतो. स्वादुपिंडाला सूज येते, हृदयाचा स्नायू ढिला पडतो, रक्तदाब चढतो, पायांना मुंग्या येऊन पावलांची जाण जाते. यांपैकी एक गोष्ट घरातल्यांनी विशेष लक्षात ठेवावी, कारण ती टाळता येते. रोज पिणाऱ्या माणसाचे जेवण घटते, शरीरातील ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, संपते, आणि मग एके दिवशी तो गोंधळल्यासारखा बोलू लागतो, चालताना झोके खातो, डोळे नीट फिरत नाहीत. ‘आज जास्त झाली’ म्हणून त्याला झोपवले जाते. त्याच वेळी शिरेतून थायमिन मिळाले तर मेंदू वाचतो, आणि उशीर झाला तर नवी आठवण साठवण्याची शक्ती कायमची जाऊ शकते. सकाळचा नाश्ता काय केला हे दुपारी न आठवणारे पंचेचाळिशीतले रुग्ण मी पाहिले आहेत.

पावडरीविषयी. नकळत देण्याच्या अशा पुड्यांमध्ये काय असते हे वेष्टनावर लिहिलेले नसते, आणि काहींमध्ये डायसल्फिराम हे औषध असू शकते. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हृदयाचा किंवा यकृताचा आजार असलेल्याच्या जिवाला त्यातून धोका होऊ शकतो, आणि हे औषध स्वतःही यकृताला इजा करू शकते. ज्याला आपण ते घेतले आहे हे माहीत आहे आणि ज्याने ते स्वतः स्वीकारले आहे, त्याच्यासाठी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली ते उपयोगी औषध आहे. भाजीत मिसळले की ते विषप्रयोगाच्या जवळ जाते. शिवाय ज्या दिवशी त्यांना हे कळेल, त्या दिवसापासून ते तुमच्या हातचे जेवणार नाहीत आणि तुमच्यावरचा विश्वासही गमावतील, आणि पुढच्या सगळ्या उपचारात तोच विश्वास तुम्हाला लागणार आहे.

मग करावे काय? मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा व्यसनमुक्ती केंद्रात त्यांना घेऊन जा, तोपर्यंत दारू एकदम तोडू नका, आणि तेथे गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत गेल्या वर्षीची फिट सांगा. पूर्वी फिट आलेल्या माणसाची दारू रुग्णालयात दाखल करून सोडवणे मला अधिक सुरक्षित वाटते. तेथे आठवडा-दहा दिवस उतरत्या मात्रेने औषधे देऊन मेंदूचा तो वाढलेला जोर शांत केला जातो आणि थायमिन दिले जाते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानसोपचार विभागांत ही सोय असते. त्यानंतर खरे काम सुरू होते, ते समुपदेशनाचे आणि ओढ कमी करणाऱ्या औषधांचे. पुण्यातील मुक्तांगण केंद्र डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केले, आणि मराठी माणसाला त्याच्या भाषेत, त्याच्या घरच्यांसह उपचार देण्याची एक परंपरा तेथून उभी राहिली. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या (दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्यांच्या परस्पर-मदत गटाच्या) सभा महाराष्ट्रातील अनेक शहरांत होतात, तेथे शुल्क नसते आणि आडनाव विचारले जात नाही. कोठे जावे हेच कळत नसेल, तर व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस १४४१६ या दोन्हींवर फोन करता येतो. यजमान यायला तयार नसतील, तर पहिल्या वेळी तुम्ही एकट्या जा. घरच्या माणसाने आधी जाणे हाही उपचाराचा भागच आहे.

त्यांच्याशी बोलायचे ते सकाळी बोला, रात्री नव्हे. मुलांच्या शपथा घालू नका. शपथ मोडली की त्यांना लाज वाटते आणि लाजेवरचा त्यांना माहीत असलेला एकमेव उपाय बाटलीतच आहे. ‘तुम्ही दारुडे आहात’ या वाक्यावर वाद होईल. ‘तुमचा कप बशीत ठेवलेला पाहते तेव्हा मला त्या पहाटेची आठवण होते आणि भीती वाटते’ या वाक्यावर वाद घालायला जागा नाही. सासूबाईंनाही हे उत्तर वाचायला द्या. त्यांच्या मनातही भीतीच असणार, आणि ‘श्रावण पाळतो’ या शब्दांनी त्या तिला थोपवत असाव्यात. त्या दिवशी दवाखान्यात जे वाक्य राहून गेले, ते या वेळी त्यांनीच डॉक्टरांना सांगितले तर फार बरे होईल.

प्रश्न : मी २९ वर्षांचा आहे, पुण्यात संगणक क्षेत्रात नोकरी करतो. आठवडाभर काही घेत नाही. शुक्रवारी आणि शनिवारी मित्रांबरोबर फक्त बिअर घेतो, प्रत्येक वेळी दोन, कधी तीन बाटल्या. वडील दारूमुळेच गेले, म्हणून आईला काळजी वाटते. मला ती अनाठायी वाटते. माझे चुकते आहे का?

उत्तर : ‘फक्त बिअर’ म्हणजे किती, हे आधी मोजू. स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत आठ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असते, म्हणजे सुमारे ४१ ग्रॅम, म्हणजे व्हिस्कीचे चार लहान पेग. दोन बाटल्यांचे आठ पेग झाले, तिसरी घेतली तर बारा. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीतील ६० ग्रॅमपासून पुढच्या पिण्याला जड मद्यपान मानते आणि तुम्ही ती रेषा दुसऱ्या बाटलीच्या मध्यावरच ओलांडता. पाच कोरडे दिवस चांगलेच आहेत, तरीही त्या दोन रात्रींचा हिशेब त्यांनी पुसला जात नाही. हृदयाचे ठोके अचानक अनियमित होणे, स्वादुपिंडाचा तीव्र दाह आणि रस्त्यावरचे अपघात हे सगळे अशा रात्रींनंतर घडते. वडिलांचा उल्लेख तुम्ही सहज केला आहे, पण मद्यावलंबनाच्या धोक्यात आनुवंशिकतेचा वाटा जवळजवळ निम्मा मानला जातो. तुमच्या आईने हा आजार घरात पाहिला आहे, म्हणून तिला तो लवकर ओळखू येतो.

तुम्हाला केंद्रात दाखल व्हा असे मी सांगणार नाही. ऑडिट नावाची दहा प्रश्नांची एक चाचणी आहे, ती कोणत्याही समुपदेशकाकडे दहा मिनिटांत होते. चाळीसपैकी आठ किंवा अधिक गुण आले तर पिणे धोक्याच्या पट्ट्यात आहे असे समजतात. या टप्प्यावर थोडक्या मदतीनेही काम होते. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेल्या आणि २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांना डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षित समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार भेटी दिल्या, आणि नेहमीच्याच उपचारापेक्षा त्यांच्यापैकी अधिक जण त्या पिण्यातून बाहेर आले. तुमच्या वडिलांना अशा चार भेटी त्यांच्या तिशीत मिळाल्या असत्या, असा विचार तुमचे पत्र वाचताना माझ्या मनात येऊन गेला. सलग दोन महिने बिअर बंद ठेवून पाहा. तुमच्या प्रमाणाला बहुधा विथड्रॉवलचा त्रास होणार नाही, परंतु हात थरथरले किंवा घाम फुटला तर लगेच डॉक्टरांना भेटा. शुक्रवारची संध्याकाळ कशी जाते ते आईला खरे सांगा.

प्रश्न : वय ५४. सिरॉसिसचे निदान होऊन आठ महिने झाले. पोटातले पाणी दोनदा काढले. अजून अधूनमधून घेतो. व्हायचे ते होऊन गेले, आता सोडून काय उपयोग, असे वाटते. गावात एक जण कावीळ उतरवतात, त्यांच्याकडेही जाऊन आलो. (रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : उपयोग आहे, आणि या टप्प्यावर तो सर्वांत मोठा आहे. व्रण झालेले यकृत नव्यासारखे होत नाही, परंतु दारू पूर्ण थांबल्यावर उरलेल्या पेशींना उसंत मिळते आणि दाह ओसरतो. पोटातले पाणी औषधांना दाद देऊ लागलेले, पुन्हा शेतावर जाऊ लागलेले रुग्ण मी पाहिले आहेत. ‘अधूनमधून’ घेण्याने मात्र ही सवलत मिळत नाही. यकृत प्रत्यारोपणाचा विचार पुढे कधी करावा लागला, तरी दारूपासून पूर्ण दूर असणे ही त्याची पहिली पायरी असते.

कावीळ उतरवताना चुन्याच्या पाण्याने हात धुतल्यावर उतरणारा पिवळा रंग तुमच्या यकृतातून आलेला नसतो. तेथे मिळालेले झाडपाल्याचे औषध घेत असाल तर ते थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. मीठ कमी करा, पण डाळ, अंडी, मासे बंद करू नका. सिरॉसिसमध्ये प्रथिने तोडावीत हा जुना समज आहे आणि त्याने अंगातले मांस झडते. झोपण्यापूर्वी थोडे खा. कालवे-शिंपल्या कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या खाऊ नका, कारण त्यांतील जंतूंचा संसर्ग अशा रुग्णांत फार वेगाने पसरतो. अंगदुखीसाठी दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून घेऊ नका. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून यकृतात गाठ नाही ना हे पाहिले जाते, ती चुकवू नका. रक्ताची उलटी झाली, शी डांबरासारखी काळी झाली, दिवसा झोप आणि रात्री जागरण असे उलटे चक्र सुरू झाले किंवा तुम्ही असंबद्ध बोलू लागलात, तर घरच्यांनी त्याच क्षणी १०८ ला फोन करायचा आहे. हे त्यांना आजच सांगून ठेवा.

अजूनही घेता हे तुम्ही मला लिहिलेत, तुमच्या डॉक्टरांना बहुधा सांगितले नसावे. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणता ना कोणता उपचार मिळाल्याचे आढळले. बाकीच्यांतले किती जण तुमच्यासारखेच डॉक्टरांसमोर बसून गप्प राहिले असतील, असे मला वाटत राहते. डॉक्टर रागावतील या भीतीने तुम्ही गप्प असाल. पण तुमच्या यकृताला चालणारी औषधे निवडायची तर त्यांना हे माहीत असावे लागते. रोजचे प्रमाण जास्त असेल तर तुम्हीही घरी एकदम बंद न करता त्यांच्या देखरेखीखालीच बंद करा. पुढच्या तपासणीला जाताना शेवटचा पेला कोणत्या तारखेला घेतला आणि तो किती मोठा होता, हे कागदावर लिहून न्या, आणि बोलवत नसेल तर तो कागद त्यांच्या टेबलावर ठेवा.